अनोळखी देशात दोघांनी स्वतःहून जाताना

चोपड्याच्या एका भाऊंनी विचारलं आहे: वय ५४, मिसेसचं ५०. शेती केळी आणि कापसाची, मुलं पुण्याला नोकरीत. दोघंही शाकाहारी, इंग्रजी कामापुरतं. टूर कंपनीबरोबर दुबई पाहून झाली, पण बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसमध्ये चढा, यात मन भरलं नाही. आता कंपनीशिवाय, दोघांनीच, ओळखीच्या कोणीच न पाहिलेल्या एखाद्या देशात जायचं आहे. मिसेस मात्र घाबरतात. जमेल का, आणि पहिला देश कोणता घ्यावा?

भाऊ, जमेल. इंग्रजीची काळजी सोडा. मी पुढे ज्या देशांबद्दल सांगणार आहे तिथे समोरच्यालाही फारसं इंग्रजी येत नाही. दोन्हीकडून हातवारे सुरू होतात आणि काम होतं. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं भुसावळहून असेच फिरत आलो आहोत, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जोडप्यांची पहिली सहल मी आखून दिली आहे. म्हणूनच तुमच्या प्रश्नातलं जे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं, त्यापासून सुरुवात करते: मिसेस घाबरतात.

दुबईला वहिनींचा पासपोर्ट कोणाकडे होता? पैसे कोणाकडे होते? हॉटेलचं नाव त्यांना पाठ होतं का? बहुतेक घरांत याचं उत्तर ‘यांच्याकडे’ असंच येतं. कार्ड एकाच्याच नावावर, इंटरनेट एकाच्याच फोनमध्ये, तिकिटं एकाच्याच मेलवर. अशा वेळी परक्या गावातल्या गर्दीत नवरा पाच मिनिटं दिसेनासा झाला तर बाई घाबरणार नाही तर काय करेल? ती भीती रास्त आहे. धीर देऊन ती जात नाही. कागद, पैसा आणि माहिती हातात आली की जाते. म्हणून माझी एकच अट असते: निवडलेल्या देशात दोघांपैकी कोणीही एकटं विमानतळावरून मुक्कामाला पोचू शकेल, जेवण मागू शकेल आणि वेळ पडली तर परत घरी येऊ शकेल, एवढी तयारी आधी करा, मग तिकीट काढा. हे तुम्हालाही लागू आहे. कोणती गोळी कधी घ्यायची, बॅगेत काय कुठे आहे, पोटाला काय चालत नाही, हे सगळं फक्त वहिनींना माहीत असेल, तर त्यांना ताप आल्याच्या दिवशी तुमचं काय होईल?

तयारी म्हणजे फार काही नाही. दोघांचे फोन वेगळे आणि दोन्हींत तिथलं सिम. फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन भरून नेतात ते) दोघांच्या नावावर वेगवेगळं, म्हणजे एक हरवलं किंवा मशीनने गिळलं तरी दुसरं आहे. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे, आणि एकमेकांच्या पासपोर्टची प्रत एकमेकांकडे. नकाशा आणि भाषांतराचं अॅप दोन्ही फोनमध्ये, तिथली भाषा घरच्या वायफायवर आधीच उतरवून घेतलेली, म्हणजे नेट नसतानाही कॅमेरा पाटीवर धरला की अर्थ कळतो. हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत कागदावर लिहून दोघांकडे. बुकिंगला वहिनींना शेजारी बसवू नका, वहिनींना करू द्या आणि तुम्ही शेजारी बसा.

आणि एक रंगीत तालीम करा. चार-पाच दिवस तंजावर-कुंभकोणम भागात जाऊन या. तिथे आपली हिंदी फारशी चालत नाही, पाट्या वाचता येत नाहीत, जेवण वेगळं. म्हणजे परदेशाची निम्मी अडचण इथेच भेटते, आणि फोन केला तर मुलं येऊन पोचू शकतात. एक दिवस सगळे निर्णय वहिनींचे, रिक्षापासून जेवणापर्यंत, दुसऱ्या दिवशी तुमचे. ज्याचा दिवस नसेल त्याने तोंड उघडायचं नाही. (तंजावरला गेलात तर बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा १८०३ सालचा मराठी शिलालेख आहे, तो पाहिल्याशिवाय येऊ नका. इतक्या लांब आपली अक्षरं भिंतभर कोरलेली पाहून माझे डोळे भरून आले होते.)

आता देश. पहिल्याच वेळी युरोप मी सांगत नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एक शेंगेन व्हिसा लागतो त्याची फी प्रत्येकी ९० युरो, मुलाखतीची वेळ मिळवायची, बँकेचे कागद, बोटांचे ठसे, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, आणि एवढं करून नकार आला तर उत्साहच मावळतो. उझबेकिस्तान आणि व्हिएतनाम या दोन्ही देशांना भारतीयांसाठी ई-व्हिसा, म्हणजे ऑनलाइन मिळणारा व्हिसा, आहे. उझबेकिस्तानचा ३० दिवसांचा, २० डॉलरला. व्हिएतनामचा २०२३ च्या ऑगस्टपासून ९० दिवसांपर्यंत, एका प्रवेशाचे २५ डॉलर. दोन्हीकडे साध्या माणसाला परवडेल अशी राहायची सोय आहे, रेल्वे चांगली आहे आणि टॅक्सी अॅपवर येते. अॅपवर भाडं आधीच दिसतं, त्यामुळे भाषेशिवाय फसायची भीती निघून जाते. व्हिएतनाममध्ये ग्रॅब, ताश्कंदमध्ये यांडेक्स.

तुम्ही शेतीवाले आहात, म्हणून मला उझबेकिस्तान आधी सुचतो. कापूस निघून गेलेला, जूनच्या लागवडीला वेळ, आणि आपल्याकडे ऊन तापायला लागलेलं, असा एप्रिल महिना तुम्हाला मोकळा मिळेल. नेमका तोच तिथला उत्तम महिना. जुलैत जाऊ नका, तिथेही पारा चाळिशीपार जातो. दिल्लीहून ताश्कंदला थेट विमान आहे, साधारण तीन तास. आपलं भुसावळ दिल्ली आणि मुंबई दोन्ही लाइनींवर असल्यामुळे रात्री गाडीत बसलं की काम होतं. फक्त विमानाच्याच दिवशी गाडी पोचेल असा हिशोब धरू नका. एक रात्र आधी पोचा. थंडीत उत्तरेच्या गाड्या धुक्याने किती रखडतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

उझबेकिस्तान हा कापसाचाच देश आहे, तेव्हा बोलायला विषय मिळेल. ताश्कंदची मेट्रो १९७७ ची. तिची एकेक स्टेशनं पाहण्यासाठीच तिकीट काढून फिरावं. एका स्टेशनात अंतराळवीरांची चित्रं आहेत, गागारिन, तेरेश्कोवा, आणि त्यांच्याच रांगेत पंधराव्या शतकातला तारे मोजणारा राजा उलुगबेग. पूर्वी तिथे फोटो काढू देत नसत, २०१८ पासून देतात. लालबहादूर शास्त्री १९६६ च्या जानेवारीत करारावर सही केल्यावर ज्या शहरात वारले ते हेच. त्यांचा पुतळा तिथे आहे आणि आपल्या पिढीच्या माणसाला तिथे थांबावंसं वाटतंच. पुढे समरकंदला अफ्रोसियोब ही वेगवान गाडी दोन तासांच्या आसपास नेते. तिची तिकिटं लवकर संपतात, म्हणून विमान ठरलं की लगेच पाहा. ताश्कंदला उत्तर आणि दक्षिण अशी दोन स्टेशनं आहेत, तिकिटावर कोणतं आहे ते वाचा. स्टेशनात शिरताना पासपोर्ट आणि सामान तपासतात, म्हणून अर्धा-पाऊण तास हातात ठेवा. हॉटेलवाले तुमची सरकारी नोंद करतात, ती चिठ्ठी जपून ठेवा.

समरकंदचा रेगिस्तान हा चौक म्हणजे तीन बाजूंना तीन मदरसे. पहिला उलुगबेगचा, १४२० चा, आणि बाकीचे दोन त्यानंतर दोनशे वर्षांनी बांधलेले. निळ्या फरशीचं काम पाहताना बहुतेक लोक अर्ध्या तासात बाहेर पडतात. तुम्ही सकाळी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा जा. जवळच सियोब बाजार आहे. तिथे मला एक पूर्ण सकाळ पुरली नाही. हातगाड्यांवर गोल, फुगीर, मध्ये नक्षी दाबलेला नान रचून ठेवलेला असतो. वरून इतका चकाकतो की हात लावावासा वाटतो. मी एक विकत घेतला, बाजूच्या बाईकडून टोमॅटो-कांदा घेतला आणि पिशवीतून आपली शेंगदाण्याची चटणी काढली. ती बाई बघत होती, म्हणून तिच्या तळहातावर थोडी ठेवली. तिने चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ओरडून आणखी तिघींना बोलावलं. चौघींनी मिळून माझी पुडी संपवली आणि मला जर्दाळू मोजून न घेता भरून दिले. यांनी तेवढ्या वेळात बाजाराच्या दारात चहा घेतला आणि दोन म्हाताऱ्यांबरोबर बसून राहिले. कोणालाच कोणाची भाषा येत नव्हती.

आता खाण्याचं. शाकाहारी माणसाची खरी परीक्षा इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. उझबेकिस्तान हा मांसाहारी देश आहे. पुलाव मांसाबरोबरच शिजतो. त्यातलं मांस बाजूला काढून देतो म्हणतात, त्याला अर्थ नाही. सूपसुद्धा मांसाच्या पाण्यावरचं. लाल भोपळ्याचे सोमसे (तिथले समोसे) मिळतात, पण त्यात कधी मेंढीची चरबी घालतात, म्हणून विचारून घ्या. ‘गोश्तसिझ’ म्हणजे मांसाशिवाय, हा शब्द कागदावर लिहून ठेवा आणि भाषांतराच्या अॅपवर ‘चरबी आणि मांसाचा रस्साही चालत नाही’ हे वाक्य तयार ठेवा. नान, दही, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, फळं, सुकामेवा आणि चहा यांवर माणूस मजेत राहतो. रात्रीसाठी छोटी विजेची किटली न्या.

व्हिएतनामला उलट आहे. वरवर पाहता सगळीकडे मासे आणि डुकराचं मांस, पण बौद्ध परंपरेमुळे शाकाहाराची स्वतंत्र दुकानं जवळपास प्रत्येक गावात आहेत. त्यांची लिपी रोमन आहे, दुकानावर सी-एच-ए-वाय ही चार अक्षरं दिसली की आत जा. तिथे अंडंही बहुधा नसतं. पौर्णिमेला आणि चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी बरेच लोक शाकाहार करतात, तेव्हा साध्या खानावळींतही सोय होते. साध्या हॉटेलात मात्र ‘व्हेज’ म्हणून दिलेल्या भाजीतही माशाचा सॉस असतो. तो त्यांच्या स्वयंपाकात मिठासारखा पडतो आणि त्यांना तो मांसाहार वाटत नाही. म्हणून नुसतं ‘मांस नको’ म्हणणं पुरत नाही, त्या चार अक्षरांचंच दुकान शोधा.

हीच युक्ती पुढच्या देशांत उपयोगी पडते: तिथल्या माणसांचा उपवास शोधायचा. जॉर्जियात ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या जेवणाला ‘सामार्ख्वो’ म्हणतात. त्यात मांस, दूध, अंडं काही नसतं. तिथे तळलेल्या वांग्यावर अक्रोड-लसणाचं वाटण लावून गुंडाळी करतात. आपल्यासारख्या भरीत खाणाऱ्या माणसाला ती बशी समोर आली की घर आठवतं. इथिओपियात बुधवार-शुक्रवार उपवास असतो आणि बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी उपवासाचं ताट मिळतं. त्यातला ‘शिरो’ म्हणजे हरभऱ्याच्या किंवा तत्सम डाळीच्या पिठाचं झणझणीत पिठलंच. त्या देशाची अजून एक गंमत पुढे कधी जाल तर लक्षात ठेवा: तिथले लोक घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सातला ते एक म्हणतात. बसवाल्याने ‘दोन वाजता’ सांगितलं तर सकाळचे आठ, दुपार नाही. तिथल्या लालिबेलाची अकरा चर्चेस खडकात कोरलेली आहेत, काही तर वेरूळच्या कैलासासारखी एकाच दगडातून वरून खाली कोरत आणलेली. पण त्या भागात २०२३ पासून अशांतता आहे, म्हणून सध्या मी कोणाला पाठवत नाही. इथिओपिया, केनिया अशा देशांतून परत भारतात येताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, फक्त ठरलेल्या सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. हे माहीत नसलेल्यांना परत आल्यावर विलगीकरणात बसावं लागू शकतं.

घरून काय न्यायचं? दशम्या पहिल्या दोन दिवसांसाठी, शेंगदाण्याची चटणी, बिबडे, केळीचे वेफर्स, थोडा चिवडा. पण एक सूचना कळकळीची आहे. दुबई, शारजा किंवा सिंगापूरवरून विमान बदलणार असाल तर खसखस घातलेला मसाला अजिबात नेऊ नका. यूएई, सौदी आणि सिंगापूरमध्ये खसखस बंदी असलेली वस्तू आहे, अंमली पदार्थाच्या कायद्यात येते. आपला काळा मसाला बऱ्याच घरांत खसखस घालूनच होतो. न्यायचाच तर वेगळा, खसखशीशिवाय करून घ्या.

पैशाचं. रोख डॉलर न्याल ते कोरे, न दुमडलेले न्या. मळक्या, फाटक्या नोटा उझबेकिस्तानात घ्यायला नाखूश असतात. कार्ड मशीनमध्ये घातल्यावर ‘रुपयांत घेऊ की तिथल्या चलनात’ असं विचारलं तर नेहमी तिथलं चलन निवडा. रुपये निवडले की दर त्यांच्या मर्जीचा लागतो. व्हिएतनाममध्ये २०,००० आणि ५,००,००० डोंगच्या दोन्ही नोटा निळसर आहेत. शून्यं इतकी असतात की संध्याकाळच्या उजेडात कोणाचाही गोंधळ होईल. पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि हातातल्या पाकिटात फक्त छोट्या.

व्हिएतनामला गेलात तर मध्य भागाला जास्त दिवस द्या. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाही, तेव्हा हुए, होइ आन भागात पूर येतात. होइ आनपासून साधारण ४० किलोमीटरवर मी सोन आहे: चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांची शिवमंदिरं, चौथ्या ते तेराव्या शतकातली, विटांची. १९६९ च्या अमेरिकन बाँबफेकीत त्यातली बरीच पडली, तरी १९९९ मध्ये जागतिक वारसा झाली. देवळांच्या काही गटांचं जतनाचं काम आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने केलं आहे. त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग मातीतून निघालं. हे पाहायला पहाटेच्या गाडीने जा. नऊ-दहानंतर बसेस येतात आणि ऊनही चढतं.

यांना तिथली रेल्वे फार आवडली. हनोईहून सायगावपर्यंत १७२६ किलोमीटर मीटरगेज आहे, आणि हुए ते दानांग हा घाट समुद्राला लागून उतरतो. मीटरगेजची गाडी आपल्याकडे आता फारशी बघायला मिळत नाही म्हणून हे तो सगळा वेळ दारात उभे होते. गार्डला यांनी खिशातला रेल्वेचा जुना पास दाखवला, त्याने सलाम ठोकला आणि दोघं खुणांनी रुळाची रुंदी, सिग्नल, उतार यावर पुष्कळ वेळ ‘बोलले’. मी खिडकीत बसून समुद्र पाहिला. मला वाटतं, दोघांनी मिळून जाणं म्हणजे हेच: दोघांना एकाच गोष्टीत रस असायला पाहिजे असं नाही. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी एक अर्धा दिवस वेगवेगळा ठेवा. तुम्ही शेतात जा, केळीचे बाग तिथे पुष्कळ आहेत. वहिनींना बाजारात, देवळात, जिथे जायचं तिथे जाऊ द्या. भेटायची जागा आणि वेळ ठरवून घ्या, आणि फोन बंद पडला तर काय करायचं तेही. संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी असतं. लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झाल्यावर ती चैन मिळत नाही.

भांडणं होतील. ती बहुधा दोनच वेळा होतात: पोचल्याच्या दिवशी आणि मुक्काम बदलायच्या दिवशी. झोप झालेली नसते, भूक लागलेली असते, सामान हातात असतं. म्हणून पोचल्याच्या दिवशी काहीही पाहायचं ठेवू नका, जेवा आणि झोपा. एका गावात किमान तीन रात्री. आठ दिवसांत पाच शहरं करणाऱ्या जोडप्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. ते हॉटेलच्या लॉबीतच भांडून परत येतात. दोघांपैकी जो हळू चालतो त्याच्या चालीने दिवस आखा. गुडघे कोणाचे दुखतात हे तुम्हाला माहीत आहेच.

विमा घेताना बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन, सगळं लिहा. लपवलं तर दावा नाकारतात. आधीचे आजार धरणारी पॉलिसी थोडी महाग पडते, तीच घ्या. औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव. जॉर्जियासारख्या देशात काही वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांवर कडक नियम आहेत. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. ताश्कंद आणि हनोई दोन्हीकडे आहे, ते परत येण्यापुरतं प्रमाणपत्र देतात. दूतावासाचा नंबर दोघांच्या फोनमध्ये हवा.

आता आज रात्रीच करायची कामं. दोघांचे पासपोर्ट काढा आणि मुदत पाहा. परतीच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक हवेत. वहिनींच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे की सासरचं, ते अक्षर अक्षर वाचा आणि तिकिटावर, व्हिसावर तेच टाका. आधारवर वेगळं आणि पासपोर्टवर वेगळं असेल तर पासपोर्टवरचंच धरा. आडनावाची जागा रिकामी असेल तर जळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात अर्ज करून आधी दुरुस्त करून घ्या, कारण एकच नाव असलेल्या पासपोर्टवर यूएई व्हिजिट व्हिसाला अडवतं. ई-व्हिसा फक्त त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. शोधलं की वर जाहिरातीत येणाऱ्या बाकीच्या साइट्स तोच व्हिसा दुप्पट-तिप्पट पैसे घेऊन देतात. आणि वहिनींचा अर्ज वहिनींनीच, त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच मेलवर भरायचा आहे.